शाळेतला मराठीचा तास कसा बदलावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शिकवणारे शिक्षक, मुलांच्या वह्या पाहून काळजीत पडलेले पालक आणि शालेय शिक्षणात रस असलेले इतर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बराच काळ भाषेच्या वर्गात घालवल्यावर बनलेली माझी मते या उत्तरांत आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

मराठीच्या अध्यापनात सुधारणा हवी, म्हणजे नेमके काय हवे?

आपल्याकडे भाषेच्या प्रश्नावर वाद होतो तो बहुतेक वेळा कोणती भाषा शिकवावी, कितव्या इयत्तेपासून शिकवावी आणि सक्तीची करावी की नाही, एवढ्यापुरताच. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जून रोजी सरकारने तो निर्णय मागे घेतल्याचे जाहीर केले. तो वाद महत्त्वाचा होताच. मात्र त्या सगळ्या दिवसांत, जी मराठी आपण आधीपासून शिकवत आहोत तिच्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात मूल प्रत्यक्षात करते काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

या तासात मूल बहुतेक वेळ ऐकत असते. शिक्षक धडा वाचतात, प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगतात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देतात आणि स्वाध्यायाची उत्तरे उतरवून घ्यायला सांगतात. म्हणजे वाचतात शिक्षक, अर्थ लावतात शिक्षक, उत्तर रचतात शिक्षक, आणि मुलाच्या वाट्याला उतरवून घेणे तेवढे येते. वाचणे, अर्थ लावणे, बोलणे आणि लिहिणे ही कामे मुलांच्या हाती सोपवणे, हीच मुख्य सुधारणा आहे, आणि अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक, परीक्षा व शिक्षक-प्रशिक्षण यांतले बदल तिला पूरक म्हणून व्हायला हवेत.

मुलांना मराठी घरूनच येते. मग शाळेत शिकवायचे काय?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला मराठी येते, हे अगदी खरे आहे. ‘मुलगा’ चे ‘मुलग्याला’ कसे होते, ‘आम्ही उद्या जाऊ’ आणि ‘आपण उद्या जाऊ’ यांत फरक काय, हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि तरी त्यात त्याची चूक होत नाही. शाळेने या संपत्तीवर उभे राहायचे असते. शाळा तिच्यात जी भर घालते ती वेगळ्या प्रकारची असते: समोर नसलेल्या माणसाला कळेल असे सांगणे, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरातून न सांगितलेलेही ओळखणे, एखाद्या मताची बाजू मांडताना पुरावा देणे, आणि आपल्या आयुष्यापलीकडचे आयुष्य शब्दांतून अनुभवणे. घरची भाषा कितीही समृद्ध असली तरी या गोष्टी आपोआप येत नाहीत. फिनलंडमधील शाळांत या विषयाचे नावच ‘मातृभाषा आणि साहित्य’ असे आहे. भाषेचा वापर आणि साहित्याचा अनुभव ही एकाच विषयाची दोन अंगे आहेत, ही समजूत त्या नावातच दिसते.

पहिलीत बाराखडीपासून सुरुवात करावी की शब्दांपासून?

या वादात दोन्ही बाजूंनी टोके गाठली गेली आहेत. आधी सगळी मुळाक्षरे, मग सगळ्या बाराखड्या आणि त्यानंतर शब्द, या जुन्या क्रमात मूल कित्येक महिने अर्थ नसलेले आवाज म्हणत राहते, आणि वाचणे म्हणजे सुरात काहीतरी म्हणणे अशी त्याची समजूत होऊन बसते. उलट, नुसती चित्रे आणि शब्द दाखवत राहिले की मूल ते आपसूक वाचू लागेल, हेही सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही. देवनागरी लिपीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराचसा पक्का आहे. या सोयीचा फायदा मुलांना न देणे अन्यायाचे आहे.

मधला मार्ग महाराष्ट्रातच घडला आहे. फलटण येथे १९८४ साली सुरू झालेल्या प्रगत शिक्षण संस्थेत भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी जी वाचनपद्धती विकसित केली, तिच्यात अक्षरे छोट्या गटांनी येतात आणि प्रत्येक गटाबरोबर एखाद-दुसरी स्वरखूण येते, त्यामुळे पहिल्या गटापासूनच मुलाला खरे शब्द वाचता आणि लिहिता येतात. म, क, र, ल एवढी अक्षरे आणि एक काना हाताशी असला तरी ‘काम’, ‘कमल’, ‘मामा’, ‘कार’, ‘लाकर’ असे शब्द तयार होतात. यातला शेवटचा शब्द मराठीत नाही, हे मुलाने स्वतः ओळखले की त्याचे वाचन अर्थाशी जोडले गेले असे समजावे. याच्या जोडीला रोज गोष्ट वाचून दाखवणे आणि मुलाने आपल्या मोडक्यातोडक्या अक्षरांत मनातले काही लिहिणे, या दोन गोष्टी पहिल्या आठवड्यापासून सुरू असाव्यात. सगळी अक्षरे येईपर्यंत गोष्टींना थांबवून ठेवू नये.

चौथी-पाचवीतल्या मुलाला घडाघडा वाचता येते, पण वाचलेले कळत नाही. असे का होते?

याची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले असे की त्याने आजवर जे वाचले त्याचा अर्थ दुसऱ्या कोणीतरी सांगितला आहे, त्यामुळे वाचताना अर्थ आपण लावायचा असतो हेच त्याला ठाऊक नाही. दुसरे कारण ज्ञानाचे आहे. १९८८ साली अमेरिकेत ६४ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन मुलांना वाचायला दिले होते. खेळाची चांगली माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना ते वर्णन खेळ न समजणाऱ्या तरबेज वाचकांपेक्षा अधिक चांगले कळले. आकलन हे केवळ भाषिक कौशल्य नाही, वाचकाला जगाविषयी किती ठाऊक आहे यावरही ते अवलंबून असते. म्हणून ‘आकलन वाढवण्यासाठी’ सुट्या उताऱ्यांचा मारा करण्यापेक्षा एकाच विषयावरचे चार-पाच वेगवेगळे मजकूर सलग वाचायला देणे अधिक उपयोगाचे ठरते. नदी हा विषय असेल तर एक गोष्ट, एक बातमी, एक कविता आणि एक माहितीपर लेख असे काही. तिसऱ्या मजकुरापर्यंत मूल निम्मे शब्द ओळखू लागते.

व्याकरण शिकवणे बंद करावे, असे आपले म्हणणे आहे काय?

मुळीच नाही. ते ज्या रीतीने शिकवले जाते ती रीत बदलावी, असे म्हणणे आहे. शालेय मराठी व्याकरणाचा सांगाडा एकोणिसाव्या शतकात घडला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या काळच्या इंग्रजी आणि संस्कृत व्याकरणांचे साचे मराठीला लावून पाहणे तेव्हा स्वाभाविक होते, आणि ते काम फार मोठे होते. आज आपण मात्र त्या साच्यांची नावेच मुलांकडून पाठ करून घेतो. नामाचे प्रकार, सर्वनामाचे प्रकार, विभक्तीचा तक्ता, अलंकारांच्या व्याख्या, आणि परीक्षेत ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’. याने लेखन सुधारते, असा समज आहे. परदेशांत यावर बराच अभ्यास झालेला आहे. २००७ साली अमेरिकेत चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला गेला, त्यात सुटे व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारल्याचे दिसले नाही. लहान वाक्ये जोडून मोठे वाक्य रचण्याचा आणि सारांश लिहिण्याचा सराव मात्र उपयोगी पडला.

व्याकरण हा शोधाचा विषय आहे, आणि मराठीत शोधण्यासारखे इतके आहे की वर्षभराचे तास अपुरे पडावेत. सातवीच्या वर्गात फळ्यावर दोनच वाक्ये लिहावीत: ‘मुलगा पत्र लिहितो’ आणि ‘मुलगी पत्र लिहिते’. क्रियापद कोणाप्रमाणे बदलले, हे मुले चटकन सांगतात. मग ‘मुलाने पत्र लिहिले’ आणि ‘मुलीने पत्र लिहिले’ ही वाक्ये लिहावीत. मुलगा गेला, मुलगी आली, तरी क्रियापद हलले नाही. वर्गात कुजबुज सुरू होते. आता ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ असे लिहिले की कोणीतरी ओरडते, ‘सर, ते पत्राच्या आणि चिठ्ठीच्या मागे जाते!’ कर्तरी आणि कर्मणी प्रयोग मुलांनी स्वतः शोधून काढले, नावे आपण मागाहून सांगितली तरी चालते. ‘शिक्षकांनी मुलांना बोलावले’, ‘शिक्षकांनी मुलींना बोलावले’ ही वाक्ये पुढे ठेवली की तिसरा, म्हणजे भावे प्रयोगही हाती लागतो. या तासानंतर ज्या मुलांना पारिभाषिक शब्द आठवत नाहीत त्यांनाही आपली भाषा किती नियमबद्ध आहे हे कळलेले असते, आणि ते नियम आपल्याच डोक्यात होते याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

शुद्धलेखनाचे काय? मुले ऱ्हस्व-दीर्घाच्या असंख्य चुका करतात.

मराठी लेखनाचे शासनमान्य नियम अवघे अठरा आहेत. चौदा नियम १९६२ साली ठरले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे नियम प्रमाण लेखनासाठी मान्य केलेला संकेत आहेत. म्हणून ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ असे सोवळ्याओवळ्याचे शब्द वापरण्याऐवजी ‘लेखननियम’ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. हे नियम मुलांना यायलाच हवेत, कारण ते न आल्याची किंमत मुलालाच पुढे अर्जात, परीक्षेत आणि नोकरीत मोजावी लागते. पण ते श्रुतलेखनात चुकलेला शब्द दहा वेळा लिहून येत नाहीत. फूल–फुले, मूल–मुलाला, वीट–विटा, गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला अशा जोड्या मुलांनी गोळा केल्या, की उपान्त्य (शेवटून दुसरे) दीर्घ अक्षर शब्दाचे रूप बदलताना ऱ्हस्व होते हा नियम ती आपणच मांडतात, आणि ‘शरीर–शरीराला’ आले की तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा अपवादही विचारतात. एका वेळी एकच नियम घ्यावा, महिनाभर मुलांच्या स्वतःच्या लेखनात तेवढाच तपासावा आणि बाकीच्या चुकांकडे त्या महिन्यात दुर्लक्ष करावे. सगळी वही लाल करणाऱ्या शिक्षकांचे कष्ट मोठे असतात, पण त्या लाल खुणा मुले वाचत नाहीत.

मूल वर्गात बोलीत बोलते. त्याला प्रमाण भाषेत बोलायला लावावे का?

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी खानदेशातल्या आपल्या बोलीत रचलेल्या ओव्या आणि कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या आणि मराठी कवितेचा ठेवा म्हणून पाठ्यपुस्तकांत मानाने दाखल झाल्या. त्याच खानदेशातल्या एखाद्या मुलीने तशाच बोलीत उत्तर दिले तर मात्र तिला ‘नीट बोल’ असे सांगितले जाते. पुस्तकातल्या बोलीला मान आणि बाकावरच्या बोलीला टोकणे, यातली विसंगती मुलांना फार लवकर कळते. त्यानंतर ती एक तर आपल्या घराला कमी लेखू लागतात, नाही तर वर्गात गप्प बसतात. गप्प बसलेल्या मुलाला कोणतीच भाषा शिकवता येत नाही.

प्रमाण भाषा शिकवण्याला माझा विरोध नाही. उलट, ती सर्वांची असेल तरच राज्यभरच्या माणसांना एकमेकांशी लेखी व्यवहार करता येईल, आणि ज्यांच्या घरी ती बोलली जात नाही त्यांना ती शाळेतच मिळाली पाहिजे. प्रश्न क्रमाचा आणि सुराचा आहे. पहिली-दुसरीत मुलाला त्याच्या बोलीत मनमोकळे बोलू द्यावे, शिक्षकांनी स्वतः साधी प्रमाण भाषा वापरावी आणि मुलाचे वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करू नये. तिसरी-चौथीपासून दोन्हींची तुलना सुरू करावी: ‘घरी आपण हे कसे म्हणतो, पुस्तकात कसे लिहितात?’ वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली यांतले शब्द, म्हणी आणि क्रियापदांची रूपे मुलांनी गोळा केली की वर्गाचा एक छोटा कोश तयार होतो. कोणत्या प्रसंगी कोणते रूप शोभते हे ओळखणे हीच भाषेची खरी जाण आहे, आणि बोलीसह प्रमाण भाषा येणारे मूल केवळ प्रमाण भाषा येणाऱ्या मुलापेक्षा अधिक जाणते असते.

ज्या मुलांची घरची भाषा मराठीच नाही, त्यांचे काय करावे?

गोंडी, माडिया, कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी ही पहिलीत भेटणारी दुसरी भाषा असते, आणि वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबांतील मुलांचेही तसेच असते. त्यांना मातृभाषेचे पुस्तक मातृभाषा असल्याप्रमाणे शिकवणे ही मोठी चूक आहे. शिक्षण हक्क अधिनियम २००९ मध्ये शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील अनेक भाषांना अडचण न मानता साधन मानले आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की शिक्षकांनी मुलांच्या भाषेतील शे-दोनशे शब्द तरी शिकावेत, सुरुवातीचे काही महिने मराठीचे काम तोंडी ठेवावे आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या मोठ्या मुलांची किंवा गावातल्या एखाद्या व्यक्तीची मदत घ्यावी. मराठीच्या हक्कांसाठी आग्रह धरणाऱ्या आपण सर्वांनी हाच हक्क या मुलांच्या भाषांनाही दिला पाहिजे.

धडा किंवा कविता ‘शिकवणे’ आणि साहित्य वाचणे यांत काय फरक आहे?

समजा, एखाद्या कथेत असे वाक्य आहे: ‘आजोबा ओसरीवर बसून वाट पाहत होते, दिवा मात्र त्यांनी अजून लावला नव्हता.’ या वाक्यावर ‘आजोबा कोठे बसले होते?’ असा प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर कथा न समजताही देता येते, कारण वाक्यातले शब्द मागेपुढे केले की काम भागते. ‘आजोबांनी दिवा का लावला नसेल?’ हा प्रश्न मात्र मुलाला कथेच्या आत नेतो. एक जण म्हणतो, तेल वाचवायचे असेल. दुसरी म्हणते, अंधार पडला हे त्यांना मान्यच करायचे नसेल, कारण मग येणारा माणूस आज येणार नाही असे ठरते. तिसरा म्हणतो, त्यांना दिसतच नसेल. आता प्रत्येकाने आपल्या म्हणण्याला कथेतला आधार शोधायचा. आधार न मिळाल्यास मत सोडायचे, मिळाल्यास ठाम राहायचे. साहित्याचा तास असा असतो. त्यात शिक्षकांना उत्तर माहीत असलेच पाहिजे असे नाही, परंतु मुलांना पुन्हा मजकुराकडे वळवण्याची सवय त्यांच्याकडे असावी लागते.

आपल्या रसग्रहणाच्या प्रश्नाची कल्पना मुळात चांगली होती. कवितेचे सौंदर्य मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावे, हाच तिचा हेतू. पण गाईडांनी त्याचा साचा करून टाकला: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, आणि प्रत्येकाखाली कोणत्याही कवितेला लागू पडतील अशी दोन-दोन वाक्ये. कविता न वाचताही रसग्रहण लिहिता यावे, ही अवस्था पाहून वाईट वाटते. कविता आधी दोनदा मोठ्याने वाचावी, मग मिनिटभर शांत राहावे, आणि ‘कोणती ओळ मनात राहिली?’ एवढेच विचारावे. अर्थ सांगण्याची घाई केली नाही तर अर्थ पुष्कळदा मुलांकडूनच येतो.

पाठ्यपुस्तकात कोणते साहित्य असावे, जुने की नवे?

दोन्ही असावे, पण निवडीचा निकष ‘यातून कोणता संस्कार होईल’ हा एकमेव असू नये. बोधाच्या ओझ्याने वाकलेले धडे मुलांना साहित्यापासून दूर नेतात. संतांची रचना, लोकगीते, दलित, ग्रामीण आणि आदिवासी जीवनातून आलेले लेखन, विज्ञानकथा, प्रवासवर्णन, नाट्यप्रवेश या सगळ्यांना जागा हवी. जुन्या मराठीतील मजकूर दहावीपर्यंत थोडाच, पण नीट संदर्भासह द्यावा. शतकांपूर्वीच्या कवीचे शब्द थोड्या कष्टाने आपल्याला कळतात हा अनुभव मुलाला मिळायला हवा. आणखी एक अडचण उताऱ्यांची आहे. कादंबरीतून तीन पाने कापून आणलेला, संक्षिप्त केलेला धडा वाचून कोणाला वाचनाची गोडी लागत नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक संपूर्ण पुस्तक दर वर्षी सगळ्या वर्गाने मिळून वाचावे, अशी तरतूद अभ्यासक्रमातच असली पाहिजे. बालभारती १९६७ पासून राज्यभर पाठ्यपुस्तके पोहोचवत आली आहे. त्याच वाटेने वर्गवाचनालयासाठी पुस्तकसंचही नियमितपणे पोहोचवता येतील.

पाठांतर वाईट आहे का?

चांगली कविता पाठ असणे ही आयुष्यभराची सोबत आहे, आणि लय कानात बसल्याशिवाय लेखनालाही लय येत नाही. वाईट आहे ते उत्तरांचे पाठांतर. कविता कोणती पाठ करायची, याची निवड मात्र मुलाला करू द्यावी.

मुलांना निबंध लिहिता येत नाहीत. त्यांना लिहायला कसे शिकवावे?

‘सूर्य उगवला नाही तर’, ‘माझा आवडता ऋतू’, ‘मी पक्षी झालो तर’ हे विषय पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांवरचे निबंध तयार मिळतात. त्यामुळे मुले ते लिहीत नाहीत, आठवतात. ज्या मुलाला लिहिण्यासारखे काही नाही असे आपण समजतो, त्याच्याकडे खरे तर सांगण्यासारखे बरेच असते.

पाचवीच्या एका मुलाच्या वहीतला मजकूर मला अजून आठवतो: ‘शेळी व्याली. दोन पिलं झाली. एक गेलं. आई म्हणाली रडू नको पण ती पण रडत होती.’ ‘पिलं’ खाली लाल रेघ होती, ‘गेलं’ खाली रेघ होती, दोनदा आलेल्या ‘पण’ ला गोल केला होता आणि खाली ‘अक्षर सुधार’ असा शेरा होता. शेवटच्या वाक्यात त्या मुलाने जे साधले होते, ते मोठ्या लेखकांनाही सहज साधत नाही. त्या शेऱ्याने मात्र त्याला एवढेच कळवले की तुझे म्हणणे कोणी वाचलेले नाही.

लेखन शिकवणे म्हणजे पहिल्या खर्ड्याला वाचक म्हणून उत्तर देणे. ‘तू तेव्हा कुठे उभा होतास? पिलू गेले हे आधी कोणाला कळले? आई काय करत होती?’ असे दोन-तीन प्रश्न विचारले की दुसरा खर्डा आठ-दहा ओळींचा होतो. तिसऱ्या वेळी मूल आपले लेखन शेजारच्याला वाचून दाखवते आणि त्याला जे कळले नाही ते दुरुस्त करते. ‘पिलं’ आणि ‘पिल्ले’ यांची चर्चा त्यानंतर करावी, आणि कथनात मुलाने बोलीतले रूप मुद्दाम ठेवले असेल तर तेही स्वीकारावे. महिन्याला चार निबंध लिहून घेण्यापेक्षा एकच लेख तीनदा लिहून घेतला तर मुले अधिक शिकतात. याच्या जोडीला सारांश, बातमी, तक्रार अर्ज, सूचनाफलक, मुलाखत असे व्यवहारातले लेखन खऱ्या वाचकासाठी करून घ्यावे. गावातल्या बंद पडलेल्या हातपंपाविषयी ग्रामपंचायतीला प्रत्यक्ष पाठवलेला अर्ज मुले जितक्या काळजीने लिहितात, तितक्या काळजीने ‘अ. ब. क.’ या पत्त्यावरचे पत्र कधीच लिहीत नाहीत.

परीक्षा बदलल्याशिवाय हे सगळे शक्य आहे का?

पूर्णतः शक्य नाही. जे विचारले जाईल तेच शिकवले जाते, हे कटू असले तरी खरे आहे. दहावीला नवी पाठ्यपुस्तके आल्यानंतर प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा मुलाच्या स्वतःच्या विचाराला वाव देणे, हा तिचा उद्देश योग्य होता. त्याच वर्षी भाषा विषयांचे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकण्यात आले. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षी ते वीस गुण परत आले. त्या काळात सगळी चर्चा टक्क्यांची झाली. त्या वीस गुणांसाठी मुलाचे बोलणे आणि वाचणे कोणी खरोखर ऐकते का, याची झाली नाही. अनेक ठिकाणी ते गुण जवळजवळ सरसकट दिले जात होते, आणि सरसकट दिलेल्या गुणांचा अर्थ तोंडी भाषा शिकवलीच नाही असा होतो.

माझ्या मते तीन बदल तातडीने व्हायला हवेत. लेखी परीक्षेत न वाचलेल्या मजकुरावरील प्रश्नांचा वाटा वाढवावा आणि त्यांत एकाहून अधिक उत्तरे शक्य असतील असे प्रश्न असावेत. तोंडी परीक्षा पाच मिनिटांची, पण खरी असावी: मुलाने वर्षात वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल शिक्षकांशी बोलणे. आणि लेखनाचे निम्मे गुण वर्षभरातल्या खर्ड्यांच्या फाइलवर द्यावेत. तिसरा बदल अवघड आहे, कारण त्यात शिक्षकांवर विश्वास ठेवावा लागतो आणि कॉपीची भीतीही खरी आहे. तरीही तो टाळल्यास लेखन शिकवण्याला वर्गात वेळ मिळणार नाही.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. तेथे काय घडावे?

२०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली आणि न शिकवणाऱ्या संस्थेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. कायद्याने तास मिळाला, पण त्या तासात गोडी लागेल याची हमी कायदा देऊ शकत नाही. या वर्गांत घरी मराठी बोलणारी, थोडी समजणारी आणि अजिबात न येणारी मुले एकत्र बसतात. तिन्ही गटांना एकच पुस्तक आणि एकच प्रश्नपत्रिका दिल्यास पहिला गट कंटाळतो आणि तिसरा घाबरतो. स्तरानुसार वाचनसाहित्य आणि पहिली दोन वर्षे संभाषणावर भर, एवढे केले तरी चित्र बदलेल.

पालक म्हणून आम्ही घरी काय करावे?

रोज पंधरा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्याला स्वतःला वाचता येऊ लागल्यावरही ते थांबवू नये. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही अशा पालकांनी आपल्या लहानपणच्या हकिकती सांगाव्यात. त्यांचे मोल वाचनाहून कमी नाही. वहीतल्या चुका मोजण्याआधी मुलाने काय लिहिले आहे ते वाचावे आणि त्यावर त्याच्याशी बोलावे.

वर्गात पन्नास मुले, हातात अनेक कामे आणि संपवायचा अभ्यासक्रम. एकटा शिक्षक काय करू शकतो?

ही तक्रार खरी आहे. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणे यांत जाणारा वेळ शिक्षकांना परत मिळावा, ही मागणी प्रत्येक सुधारणेच्या यादीत पहिली असली पाहिजे. पण तोवर करता येण्याजोगे काही आहे. धड्यांतील निम्मे धडे मुलांनी जोडीने वाचून प्रश्न काढण्यासाठी ठेवावेत. शिक्षकांनी प्रत्येक धड्याचा प्रत्येक शब्द समजावण्याची गरज नाही. रोज पन्नास वह्या तपासण्याऐवजी दहा वह्या मन लावून वाचाव्यात, म्हणजे आठवड्यात प्रत्येक मुलाला एकदा तरी खरा वाचक मिळतो. आठवड्यातला एक तास मूक वाचनाचा ठेवावा आणि त्या तासात शिक्षकांनीही आपले पुस्तक वाचत बसावे. आसपासच्या शाळांच्या केंद्रातर्फे होणाऱ्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखवली जातात, तेथे मुलांच्या लेखनाचे दोन नमुने समोर ठेवून ‘याला आपण काय उत्तर देऊ?’ यावर अर्धा तास बोलता येते. सुरुवात करायची असेल तर उद्याच्या तासाची पहिली दहा मिनिटे पुरेशी आहेत: पुस्तक मिटून ठेवावे, कालचा धडा कोणाला आवडला नाही ते विचारावे आणि का नाही, हे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.